लाल वायर

नाही काकू, तो प्लग तसाच लोंबकळू दे — हात लावू नका त्याला. मी सांगेपर्यंत लावायचा नाही, आणि मी सांगायला विसरले तरी लावायचा नाही, मला फोन करायचा आणि विचारायचं. रागावत नाहीये हो मी, माझा आवाजच असा आहे, दिवसभर कॉम्प्रेसरच्या घरघरीवर बोलायचं म्हणजे घसा असाच होतो. तुम्ही त्या स्टुलावर बसा बघू. माझ्या डोक्यावर असं कुणी उभं राहिलं की हातातून स्क्रू पडतो माझ्या — तसा तो मी एकटी असले तरी पडतो, पण तेव्हा दोष द्यायला कुणी नसतं. हां, बसा. आणि ती खिडकी अजून थोडी लोटा, वास घुटमळतोय इथं. जळक्या प्लास्टिकचा. तुम्हाला नाही येत? सर्दी झालीय — तरीच. म्हणजे वरच्या बाईंना वास आला म्हणून कळलं, नाहीतर तुम्ही आपल्या पलीकडच्या खोलीत दुपारच्या निजलेल्या, दार लोटून. बरं झालं त्या खाली आल्या. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये, खरंच बरं झालं.

तुम्ही फोनवर म्हणालात फ्रीज गरम झालाय, तर आमच्या दुकानात दादा हसला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, फोन तो घेतो, काम मी करते, आणि दमतो तो. म्हणाला, गरम झालाय तर पोळ्या ठेवा म्हणावं त्यात. मी नाही हसले. कारण फ्रीजच्या पोटात हीटर असतो काकू. बघा, तुम्हीपण तशाच बघताय, सगळे असेच बघतात — गार करायच्या वस्तूत गरम करायचं काय काम? आहे काम. या मागच्या पत्र्यामागे गारव्याच्या नळ्या आहेत, त्यांच्यावर हवेतलं पाणी बसतं, गोठतं, थरावर थर चढतो. चढू दिला तर नळ्या बर्फात गाडल्या जातात आणि खाली गारवा उतरतच नाही — वर बर्फाचा डोंगर, खाली नासलेलं दूध. म्हणून दिवसातून दोन-तीनदा टायमर कॉम्प्रेसरला थांबवतो आणि नळ्यांखालचा हीटर लावतो. थोडाच वेळ. बर्फ वितळलं, पाणी खाली गेलं, की हीटर बंद करायला एक कटऑफ असतो, एवढासा, कोटाच्या बटणाएवढा. गरम झालं की सोड, गार झालं की धर — त्याचं जन्मभराचं काम एवढंच. पण तो जागेवर असला ना, तर फ्रीज असा तापूच शकत नाही. टायमर अडकून बसला तरी नाही. म्हणून मी हसले नाही.

हा खण धरता जरा? ठेवा ओट्यावर, पुसत बसू नका आता. हे चार स्क्रू — हे बघा, हे याच्या आधी उघडलेत कुणीतरी. डोकं चकाकतंय याचं, पेचकस घसरलाय इथं, ओरखडा ताजा आहे. कोण आलं होतं काकू? कुणी नाही? बरं. कुणी नाही तर कुणी नाही, स्क्रू काय, आपले आपण फिरत असतील. मला काय, मी पत्रा काढते — थांबा, बॅटरी देता का ती, त्या पिशवीतली — हं. अगं बाई.

नाही, काही नाही. बसा तुम्ही. बसा म्हटलं ना.

हे बघा, लांबूनच बघा. ही पन्हळ, पाणी वाहून जायची. सरळ असते ती, पांढरी असते. ही कशी वाकलीय बघा, मेणासारखी, आणि करपलीय. हिच्या मागे फोम आहे, भिंत भरलीय त्याची, तो एकदा पेटला की विझत नाही. आणि फ्रीजच्या मागे तुमचा पडदा, आणि पडद्याला लागून ते लाकडी कपाट. आणि कपाटामागच्या भिंतीपलीकडे तुमची कॉट. मी घाबरवत नाहीये तुम्हाला. घाबरायचं ते होऊन गेलं, प्लग निघाला, संपलं. पण टायमर अडकलाय तुमचा. हीटरच्या बाजूला अडकलाय आणि हीटर सकाळपासून पेटलेला होता, आणि ज्यानं त्याला बंद करायचं तो कटऑफ — त्याला कुणीतरी वगळून टाकलंय. ही वायर बघा. इथून निघाली, कटऑफला वळसा घालून इथं गेली. म्हणजे कटऑफ बिचारा सोडतोय, सोडतोय, आणि करंट आपला याच्या बगलेतून चाललाय. लाल वायर. काकू, कोण आलं होतं?

बरं, नका सांगू. असं करा, वरच्या बाईंकडून वाटीभर बर्फ आणून द्या मला. तुमच्याकडचं सगळं वितळलंय. सरबत नाही करायचंय, काम आहे.

आणलंत? इकडे द्या, आणि आता गंमत बघा. हा कटऑफ मी काढून घेतलाय. हे मीटर. दोन्ही टोकं लावली — काही आवाज आला? नाही ना. कुणालाही वाटेल मेला हा, टाका कचऱ्यात. पण तो मेला नाहीये, त्याला गरम होतंय म्हणून त्यानं सोडलंय, त्याचा धर्मच तो. आता याला पिशवीत गुंडाळून बर्फात दाबते. धीर धरायचा. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, एखाद्या गोष्टीला गार होऊ देण्यात. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट ही — कटऑफ गरम असताना तपासायचा नाही. बाबा म्हणायचे, झोपलेल्या माणसाची नाडी न बघता तिरडी बांधायला घ्यायची नाही. बाबा म्हणजे माझे वडील, दुकान त्यांचं, बोर्डावर अजून — टक्. ऐकलंत? टक् वाजलं. आता मीटर बघा. वाजतंय की नाही? जिवंत आहे. धडधडीत जिवंत आहे.

म्हणजे काय झालं, तर जो कुणी आला होता त्यानं हा बर्फातून बाहेर काढला आणि खोलीच्या उष्म्यानं गरम झाल्यावर तपासला. मेला म्हणाला. मग हीटर तरी शाबूत आहे का बघू म्हणून वायरचा तुकडा टाकून कटऑफला टाळून हीटर लावून बघितला — असं करतात, सगळे करतात, मीसुद्धा करते. तपासण्यापुरतं. हीटर तापला, बर्फ वितळलं, तुमचा फ्रीज झकास चालायला लागला, तुम्ही खूश. आणि तो तुकडा आतच राहिला. तपासणीचा तुकडा काढायचा राहिला. खोट मुळात टायमरमध्येच होती, तो आधी गारव्याच्या बाजूला अडकत होता, तेव्हा बर्फ साचलं. आज नेमका उलट्या बाजूला अडकला.

आता तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात. तुम्ही ट्रेमधल्या त्या कपाकडे बघताय.

काकू, हे बघा. ही चिकटपट्टी, जोडावरची. हिचं टोक बघा. दुमडलंय, आत घेतलंय, असा छोटा कान ठेवलाय. का ठेवलाय ठाऊक आहे? पुढच्या माणसाला नखानं उकरत बसावं लागू नये म्हणून. धरला कान की पट्टी सुटते. या गावात — अहो, कुठल्याच गावात असं कुणी करत नाही. पुढच्या माणसाचा विचार कोण करतो आमच्यात? पुढच्याला शिव्या घालतात, मागच्याला शिव्या घालतात. असा कान ठेवणारा एकच माणूस मला माहिती आहे. आणि तपासणीची वायर लालच हवी, दुसऱ्या रंगाची चालणार नाही, हा नियमही त्याचाच. लाल दिसली की काढायची. डोळ्यात खुपली पाहिजे म्हणून लाल. घराबाहेर पडताना डबी उघडून बघायची, सगळे तुकडे आले का परत. आले तर चप्पल घालायची.

उंच, थोडे वाकलेले? हसताना हात तोंडावर ठेवणारे? हो ना. बोला की हो काकू, आता काय उरलंय लपवायचं.

बरं. बरं. रडू नका तुम्ही, मी ओरडले नाही. शपथ घातली होती त्यांनी? नुसतं सांगितलं होतं. काय सांगितलं होतं? “माझ्या मुलीला कळू देऊ नका.” वा. मुलीला. मुलाला नाही, मुलीला. दादाला घाबरत नाहीत, मला घाबरतात. आणि कुठे भेटले तुम्हाला? जिन्यात. हत्यारांची पिशवी घेऊन. तुम्हाला वाटलं दुकानातूनच आलेत — साहजिक आहे, बाबांच्या हातचंच काम झालंय तुमच्या फ्रीजला इतकी वर्षं. आणि काम चांगलं केलं म्हणता. घाई नव्हती, सगळं पुसून ठेवलं, पेपरवर स्क्रू ओळीनं मांडले. हो, ते मांडतात. मग बसले, चहा घेतला, तुमच्या मिस्टरांची आठवण काढली. नाव घेऊन काढली? बघा, ते आठवतं त्यांना. मला परवा दोनदा आत्या म्हणून हाक मारली. ओ दिली मी. काय करणार.

आणि जाताना म्हणाले, कटऑफ मेलाय, नवा घेऊन येतो, तोवर चालेल. म्हणून तो कप. धुऊन वेगळा ठेवलाय तुम्ही, मघापासून बघतेय मी, बाकीचे कप फळीवर आणि हा एकटा ट्रेमध्ये, वर बशी. येतील म्हणून. काकू, तुम्ही पण ना.

आता जरा नीट ऐका माझं. काम झालं की दादाचा फोन येतो गिऱ्हाइकाला. सगळ्यांना येतो, बिघाड काय होता, काम बरं झालं का, असं. तुम्हालाही येईल. तुम्ही म्हणायचं, टायमर गेला होता. बस. खोटं थोडंच आहे ते? टायमर गेलेलाच आहे. लाल वायर बोलायची नाही, बाबा आले होते बोलायचं नाही, त्यांच्यासाठी तोंड बंद ठेवलंत तसंच माझ्यासाठी ठेवायचं. का म्हणजे — काकू, तुम्ही पण प्रश्न विचारताय. का तर दादानं सांगून ठेवलंय, आणखी एक काही झालं की बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं. वाईट नाही दादा. मला वाटतं कधी कधी वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मध्यंतरी बाबांनी घरचाच फ्रीज उघडला आणि जोडता येईना. आम्ही आलो तर फरशीवर बसलेले, भोवती स्क्रू, आणि हातात पत्रा धरून तो कुठल्या बाजूनं लागतो ते बघत होते. प्लग लावलेला होता. लावलेला. त्या दिवशी दादा रात्री जेवला नाही, आणि सकाळी जागा बघून आला. चांगली आहे म्हणे, झाडं आहेत. मी म्हटलं झाडं काय करायचीत त्यांना, त्यांना काय झाडांचे स्क्रू काढायचेत? तेव्हा असं ठरलं की पिशवी कुलपात, आणि बाबा घरात, वहिनी लक्ष ठेवेल. आणि आणखी एक काही झालं तर मग मी मध्ये पडायचं नाही. मी हो म्हटलं होतं. शब्द दिला होता.

पिशवी? पिशवी कुलपातच होती. मग त्यांच्याकडे कुठून आली —

तुम्हाला काय करायचंय, कुठून आली ते. हा पाना धरा.

मी दिली. झालं समाधान? मी दिली काढून. खिडकीशी बसायचे हो दिवसभर, मांडीवर हात ठेवून. ते हात बघवायचे नाहीत मला. ज्या हातांनी मला मीटर धरायला शिकवलं ते असे ठेवलेले, कुणीतरी आणून ठेवावेत तसे. आणि बोटं हलत असायची त्यांची, काहीतरी पिळत असल्यासारखी. म्हणून म्हटलं, पिशवी नुसती जवळ असू दे. लाल वायरीचं अख्खं बंडल आणलं, तुकडे कापले, टोकं सोलून दिली, डबी भरून दिली. म्हटलं बाबा, मला जोड करून ठेवा, मला लागतात. लागत नव्हते काही. ते आपले दुपारभर जोड करायचे, सोडायचे, पट्टी लावायचे, कान ठेवायचे. वहिनी दुपारी जरा पडते. ते कधी जिना उतरायला लागले मला माहिती नाही. म्हणजे — एकदा चपलेला चिखल होता. मी विचारलं, गॅलरीत गेलो होतो म्हणाले. गॅलरीत कुठला आलाय चिखल. पण त्या दिवशी जेवले पोटभर, दोनदा वाढून घेतलं, आणि मला माझ्या नावानं हाक मारली. मग मी नाही विचारलं पुन्हा.

जाऊ दे. एक वायर निघाली, वेळेवर निघाली. तुमचा टायमर बदलते उद्या, पन्हळ बदलते, कटऑफ तोच परत जोडते, वायर खिशात घालते आणि विषय संपला. घरी जाऊन पिशवी पुन्हा कुलपात. बोलेन मी त्यांच्याशी. समजावून — काय म्हणालात?

थांबा. सावकाश सांगा. चहा अर्धा ठेवून उठले? का उठले? “अजून दोन ठिकाणी जायचंय.” असं म्हणाले. नक्की असंच? दोन ठिकाणी की दोन ठिकाणाहून आलोय? दोन्ही म्हणाले? दोन ठिकाणाहून आलोय आणि अजून — काकू, नीट आठवा. पाणी देऊ का तुम्हाला? नाही, मलाच द्या.

फोन कुठे ठेवला मी. ओट्यावर, हां.

वहिनी, झोपली होतीस का? ... नाही, काही नाही, काम चाललंय. बाबा आहेत? ... आहेत ना घरात, नक्की? ... बरं. त्यांची पिशवी बघ जरा, पलंगाखाली असेल. ... हो, पलंगाखाली, नंतर विचार ते. त्यात एक पत्र्याची डबी आहे, चपटी. उघड. ... लाल वायरचे तुकडे असतील. ... नीट बघ. ... पिशवीत खाली सांडले असतील, उलटी कर पिशवी. ... एकपण नाही? ... वहिनी, मी भरून दिली होती डबी. ... नाही, तू नको काही बोलू त्यांना. फोन दे.

एकपण नाही काकू. डबी रिकामी आहे.

बाबा? मी बोलतेय. ... हो, कामावरच. ... हीटरचं काम आहे. ... नाही बाबा, गरम असताना नाही तपासला. बर्फात घालून तपासला, तुम्ही शिकवलंत तसाच. ... हो. टक् वाजलं. ... हो, आधी पिशवीत गुंडाळला. बाबा, मला लाल तुकडे हवे होते, डबीत नाही दिसत. ... नाही हो, तुम्ही कसे विसराल. तुम्ही कधी विसरलात का लाल वायर? ... कधीच नाही. पण समजा काम अर्धं ठेवून आला असाल कुठे, कटऑफ आणायला म्हणून, तर तुकडा तिथं असेल ना? ... हां, तपासणी चालू आहे म्हणून आहे. बरोबर आहे. मग मी उरकते ना ती कामं, तुम्ही कशाला पुन्हा जिने चढताय. सांगा कुठं कुठं ते. ... दारावर आरसा असलेला फ्रीज. ... म्हणजे तपकिरी, डावीकडून उघडणारा? ... शिवणकाम करणाऱ्या बाईंचा, हो, कळलं, कळलं मला. आणि? ... एक तर मी बघितलाच, आज, काकूंचा. ... हो, त्या बऱ्या आहेत, विचारत होत्या तुम्हाला. आणि अजून? ... आठवा. घाई नाही. ... काय? ... पोरं झोपली होती म्हणून हळू काम केलं. कुठली पोरं बाबा? कुणाच्या घरची? ... ओळीनं झोपली होती. ... पाळणाघर? बाबा, कुठलं पाळणाघर? ... जिना होता की खालीच होतं? ... बरं दार कुठल्या रंगाचं होतं? ... नाही, मी रागावत नाहीये, माझा आवाजच असा आहे, तुम्हाला माहिती आहे. ... बरं. बरं, नाही आठवत तर नाही आठवत. तुम्ही बसा. वहिनीला म्हणावं चहा कर. ... हो, येताना आणते वायर.

काकू, तुमच्या माहितीतलं एखादं पाळणाघर — नाही. तुम्हाला कशी असणार माहिती, तुमची मुलं कधीच मोठी झाली. मलाही नाही माहिती. मी घरं ओळखते फ्रीज बघितल्यावर, त्याच्याआधी नाही. नावं-पत्ते सगळे दादाच्या डोक्यात, कोण कुठं राहतं, कुणाचं काय चालतं, कुणी घर बदललं, एका दमात सांगेल तो. तो एका दमात सांगेल आणि दुसऱ्या दमात विचारेल, का गं, तुला कशाला हवंय.

दुपारची वेळ आहे आता. पोरं झोपलेलीच असतील ना? जेवून झोपवतात या वेळी. ओळीनं.

तुम्ही काही बोलू नका. मला माहिती आहे काय करायचं ते, तुम्ही बोललात म्हणून करतेय असं व्हायला नको.

दादा. आधी ऐक, मग ओरड. आपल्या गिऱ्हाइकांत पाळणाघर कुणाचं आहे? ... दोन आहेत? दोघांना फोन लाव, लगेच, फ्रीजचा प्लग काढा म्हणावं. वास येतोय का, पत्रा तापलाय का, काही बघत बसू नका, आधी प्लग काढा आणि मग पोरांना त्या खोलीतून हलवा. आणि शिवणकामवाल्या बाई, तपकिरी फ्रीजवाल्या, त्यांनाही तेच सांग, आणि मग बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना, डबी रिकामी आहे. ... कारण मग सांगते. ... नाही. आत्ताच सांगते. बाबा जाऊन आलेत तिथं. कटऑफला टाळून वायर टाकलीय आणि काढलेली नाही. मी इथं काकूंकडे बघितली आत्ता, पन्हळ जळालीय यांची. ... हो. ... पिशवी मी दिली. ... मीच. डबीही मीच भरून दिली. ... हो. ... हो दादा. ... ठरलं होतं तसं कर. मी मध्ये पडणार नाही. पण आधी फोन लाव. ... दादा, रडू नको, फोन लाव.

लावतोय तो.

माझी पिशवी द्या इकडे. पेचकस राहू दे, पडला तर पडला, उद्या नेईन. तुमच्या फ्रीजला हात लावायचा नाही, तो उघडाच राहू दे, दूध वरच्या बाईंकडे ठेवा. दादाचा फोन येईल तेव्हा टायमर-बियमर काही सांगायचं नाही, जे झालं ते सांगा, आता काय त्याचं. वायर? ही लाल? नाही, ती मी नेते. डबीत ठेवायला.

आणि काकू, तो कप फळीवर ठेवा. ते आता येणार नाहीत. कटऑफ घेऊन येतो म्हणाले होते, खरंच येणार होते, विसरले नसते तर आलेच असते, पण आता नाही येणार. मी येईन. मला चहा नको, मी आपलं काम करून जाईन.

फोन वाजला. दादाचाच आहे. — बोल. लागला का? ... दोन्हीकडे? ... काढला प्लग? ... आणि पोरं? ... सगळी बाहेर आहेत? ... बरं, निघाले मी.

काकू, दार लावून घ्या.